‘१०५ वजा वय’ हे गणित तुमच्यासाठी नाही

प्रश्न : मी ३१ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. मुलगी चार वर्षांची आहे. कॉलेजपासून अर्धशिशीचा त्रास. दिवाळीनंतर डोकं फारच दुखायला लागलं, म्हणून एमआरआय केला. रिपोर्टमध्ये उजव्या फ्रंटल लोबमध्ये ११ मिलिमीटरचा कॅव्हर्नोमा, शेजारी डीव्हीए, ‘पॉपकॉर्न’ आणि ‘जुन्या रक्ताचे अंश’ असं लिहिलंय. आमचे फॅमिली डॉक्टर म्हणाले, रक्तवाहिन्यांचा गुंता आहे, कधीही फुटू शकतो. पुण्यातल्या एका सर्जननी काढून टाकू म्हटलं. दिरांनी मोबाइलवर शोधलं : १०५ मधून आपलं वय वजा करायचं, तेवढे टक्के आयुष्यभरात रक्तस्राव होण्याचा धोका. म्हणजे माझा ७४ टक्के! तेव्हापासून मला घरात पाण्याची बादली उचलू देत नाहीत, स्कूटीची चावी मिस्टरांनी काढून घेतली. आम्हाला दुसरं मूल हवं होतं. सासूबाई म्हणतात, आहे त्या एकीत समाधान माना. बाळंतपणात हे फुटेल का? मुलीलाही असेल का? ऑपरेशन करून घेऊ का? मला फिट कधी आलेली नाही. अर्धशिशीसाठी डायव्हालप्रोएक्सची गोळी रात्री एक आणि दुखलं तर क्रोसिन, एवढीच औषधं चालू आहेत.
— एक वाचक, कराड

उत्तर : ताई, पहिल्यांदा ते ७४ पुसून टाका. दिरांनी वजाबाकी बरोबर केली, पण दुसऱ्याच आजाराचं सूत्र उचललं. त्यात त्यांचा फारसा दोष नाही. रिपोर्टवर ‘व्हॅस्क्युलर मालफॉर्मेशन’ हे शब्द असले की मोबाइल पहिल्यांदा एव्हीएमच, म्हणजे धमनी थेट शिरेला जोडली जाण्याचा दोषच, दाखवतो, आणि घाबरलेला माणूस पहिलंच पान वाचतो.

मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या जडणघडणीत जन्मतः किंवा पुढे राहिलेल्या दोषांचे चार-पाच प्रकार आहेत आणि त्यांचे स्वभाव एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत. एव्हीएममध्ये धमनी मधल्या केशवाहिन्यांच्या जाळ्याला वगळून थेट शिरेला जोडलेली असते. हृदयाकडून येणारा सगळा दाब पातळ भिंतीच्या शिरेवर पडतो. कॅव्हर्नोमा म्हणजे केशवाहिन्यांच्या फुगलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या पोकळ्यांचा छोटा पुंजका. त्यात रक्त जवळजवळ थांबलेलंच असतं, दाब नगण्य. नळाची मुख्य लाइन फुटणं आणि भिंतीला ओल येणं यात जो फरक आहे, तोच या दोन्हींच्या रक्तस्रावात असतो. म्हणूनच अँजिओग्राफीत एव्हीएम ठळक दिसतो आणि कॅव्हर्नोमा बहुतेक वेळा दिसतच नाही. तो सापडतो एमआरआयमध्ये.

‘१०५ वजा वय’ हे सूत्र एव्हीएमसाठी, वर्षाला ३ टक्क्यांच्या आसपास धोका धरून केलेलं ढोबळ गणित आहे. खुद्द एव्हीएमवाल्यांनाही ते सरसकट लावू नये असं माझं मत आहे. एकदा फुटलेल्या एव्हीएमचा पुन्हा फुटण्याचा धोका वर्षाला ४ ते ५ टक्क्यांच्या घरात असतो आणि पहिल्या वर्षी त्याहूनही जास्त. कधीच न फुटलेल्याचा मात्र १ ते २ टक्के. दोघांना एकच सूत्र कसं चालेल? आणि एव्हीएम दिसला की लगेच हात घालावा, हेही आता कुणी डोळे मिटून म्हणत नाही. ‘अरूबा’ नावाची मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१४ साली आले. न फुटलेले एव्हीएम असलेल्या २२३ जणांमध्ये, सरासरी पावणेतीन वर्षांत, पक्षाघात किंवा मृत्यूचं प्रमाण नुसतं औषधांवर ठेवलेल्यांत १० टक्के होतं. ऑपरेशन, रेडिएशन किंवा नळीवाटे उपचार केलेल्यांत ते जवळपास ३१ टक्के निघालं. चाचणी लवकर थांबवली, पुरेसा काळ पाहिलं नाही, अशी टीका तिच्यावर झाली आणि ती रास्तही आहे. पण हा वाद तुमचा नव्हे.

तुमचा आकडा वेगळ्या ठिकाणी आहे. २०१६ साली ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त वेगवेगळ्या देशांतल्या १६२० कॅव्हर्नोमा रुग्णांची माहिती एकत्र करून एक अभ्यास छापून आला. त्यात दोनच गोष्टी महत्त्वाच्या ठरल्या : कॅव्हर्नोमा ब्रेनस्टेममध्ये, म्हणजे मेंदूच्या देठात आहे की दुसरीकडे, आणि तो सापडला तेव्हा रक्तस्राव झालेला किंवा हातापायाची ताकद जाण्यासारखं लक्षण होतं की नव्हतं. देठात असलेला आणि आधी रक्तस्राव झालेला, अशांना पुढच्या पाच वर्षांत रक्तस्रावाचा धोका ३०.८ टक्के. आधी रक्तस्राव झाला पण देठाबाहेर आहे, त्यांना १८.४. देठात आहे पण शांत, त्यांना ८. आणि देठाबाहेर, कधीच रक्तस्राव किंवा तसं लक्षण नाही, उदाहरणार्थ दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या एमआरआयमध्ये योगायोगाने सापडला, त्यांना ३.८ टक्के. पाच वर्षांत मिळून, हं, दरवर्षी नाही. तुम्ही या चौथ्या गटात. तुमच्यासारख्या शंभर जणांपैकी ९६ जणांना पाच वर्षांत रक्तस्राव झाला नाही. रुग्णाचं वय, स्त्री की पुरुष, कॅव्हर्नोमा एक की अनेक, यांमुळे त्या अभ्यासात या आकड्यांत फारशी भर पडली नाही. एक विनंती, हा आकडा दहाने गुणून आयुष्यभराचा धोका काढायला दिरांना देऊ नका. पाच वर्षांपलीकडे तो कसा चालतो हे या अभ्यासाने मोजलेलं नाही.

आता रिपोर्टमधल्या ‘जुन्या रक्ताचे अंश’ या ओळीविषयी, कारण माझ्याकडे येणारे निम्मे लोक याच ओळीने हादरून येतात. वाचणाऱ्याला वाटतं, एकदा फुटून गेलंय आणि आपल्याला कळलंच नाही. कॅव्हर्नोमाच्या भिंतीतून थेंबथेंब रक्त आजूबाजूला झिरपतं. त्यातलं लोह तिथेच साठतं, आणि एमआरआयवर गाठीभोवती एक काळी कडा दिसते. आत वेगवेगळ्या वेळी साठलेल्या रक्तामुळे पांढरेकाळे कप्पे दिसतात, म्हणून रेडिऑलॉजिस्ट त्याला ‘पॉपकॉर्न’ म्हणतात. ती काळी कडा असते म्हणूनच तर त्याला कॅव्हर्नोमा म्हणायचं. ती प्रत्येकाला असते. वर दिलेल्या आकड्यांमध्ये जो ‘रक्तस्राव’ मोजला जातो, त्याची व्याख्या २००८ साली तज्ज्ञांनी ठरवली आहे : अचानक नवीन लक्षण आणि त्याच वेळी तपासणीत दिसलेलं ताजं रक्त, दोन्ही हवं. नुसती कडा त्यात धरत नाहीत. तुमच्या बाबतीत तशी घटना घडलेली नाही.

याच ओळीतून पुढच्या वर्षी आणखी एक भीती येईल, ती आत्ताच सांगून ठेवतो. एसडब्ल्यूआय नावाच्या प्रकारच्या चित्रात ही लोहाची कडा खऱ्यापेक्षा मोठी दिसते, जास्त ताकदीच्या मशीनवर आणखी मोठी. यंदा एका सेंटरवर ११ मिलिमीटर, पुढच्या वर्षी दुसऱ्या सेंटरवर १४, आणि घरात रडारड. वाढलं काहीच नसतं, मोजपट्टी बदललेली असते. तेव्हा शक्यतो त्याच सेंटरवर, त्याच मशीनवर तपासणी करा. जुनी सीडी बरोबर घेऊन जा आणि ‘आधीच्या चित्रांशी तुलना करून लिहा’ असं काउंटरवर नव्हे, चिठ्ठीवर डॉक्टरांकडून लिहून घेऊन जा. सीडी जपा. रिपोर्टचा कागद हरवला तर चालेल, सीडी हरवली तर चालत नाही.

शेजारच्या डीव्हीएचा अर्थ कुणी सांगितला नसेल. त्या भागातलं रक्त वाहून नेणाऱ्या शिरांची ती थोडी वेगळी, छत्रीच्या काड्यांसारखी मांडणी. नेहमीच्या मेंदूतलंच रक्त तिच्यातून जातं. शंभरातल्या दोन-तीन जणांमध्ये ती असते आणि बहुतेकांना मरेपर्यंत कळतही नाही. ती एकटी असली तर तिला काहीही करायचं नसतं. कॅव्हर्नोमाचं ऑपरेशन झालं तरी चांगला सर्जन तिला हात लावत नाही, कारण ती बंद झाली तर तेवढ्या मेंदूच्या रक्ताची बाहेर पडायची वाटच बंद होते.

हीच डीव्हीए तुमच्या मुलीच्या प्रश्नाचंही उत्तर देते. घराण्यात चालणारा कॅव्हर्नोमा असतो, त्यात तीन जनुकांपैकी एकात दोष असतो आणि प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. पण त्या लोकांच्या मेंदूत सहसा एक नव्हे, अनेक कॅव्हर्नोमा असतात आणि घरात कुणाला तरी फिट किंवा मेंदूतला रक्तस्राव झालेला असतो. एकटा कॅव्हर्नोमा आणि शेजारी डीव्हीए, ही जोडी बहुधा घराण्यातली नसते. तुमच्या माहेरी असं कुणी नसेल, तर चार वर्षांच्या मुलीला भूल देऊन एमआरआयमध्ये घालायचं काहीही कारण मला दिसत नाही. तसं कुणी असेल तर मात्र डॉक्टरांना सांगा, मग विचार वेगळा करावा लागेल.

गरोदरपणात संप्रेरकांमुळे कॅव्हर्नोमा फुटतो, असं पूर्वी पाठ्यपुस्तकांतही असे. काही बायकांना गरोदरपणात रक्तस्राव झाला, त्या तेवढ्या छापून आल्या आणि समज पक्का झाला. ज्यांना काही झालं नाही त्यांच्यावर कोण लिहिणार? नंतर सगळ्यांचीच मोजदाद झाली. २०१३ साली अमेरिकेतल्या फिनिक्समधून ६४ बायकांच्या १६८ गरोदरपणांचा आढावा आला. रक्तस्रावाचं प्रमाण गरोदरपणामागे ३ टक्क्यांच्या आसपास होतं, आणि त्यात घराण्यातला आजार असलेल्याही होत्या. बहुतेक बाळंतपणं नेहमीच्या मार्गानेच झाली. २०१७ मध्ये तज्ज्ञांच्या गटाने मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यातही गरोदरपणामुळे धोका वाढतो असं दिसत नाही, असंच म्हटलंय. तेव्हा तुमच्या बाबतीत केवळ कॅव्हर्नोमासाठी सिझेरियन करायचं कारण नाही. कळा देताना डोक्यावर ताण येतो म्हणून नको, असं कुणी म्हणालं तर विचारा, कोणत्या आधारावर? सिझेरियन करायला प्रसूतितज्ज्ञांची वेगळी कारणं असू शकतात, ती त्यांची त्यांनी सांगावीत. प्रसूतितज्ज्ञ आणि भूल देणारे डॉक्टर, दोघांनाही तुमच्या रिपोर्टची प्रत पहिल्याच भेटीत द्या. नवव्या महिन्यात रात्री दोन वाजता सांगायची ही गोष्ट नाही. गरोदरपणातला रक्तदाब सगळ्याच बायकांनी जपायचा असतो, तुम्ही जरा जास्त जपा. तो वाढू नये म्हणून प्रसूतितज्ज्ञांनी कमी मात्रेची अॅस्पिरिन सुचवली, तर ‘रक्त पातळ होईल’ म्हणून परस्पर नाकारू नका, न्यूरॉलॉजिस्टशी बोलून ठरवा. अशी औषधं घेणाऱ्या कॅव्हर्नोमा रुग्णांत रक्तस्राव जास्त झाल्याचं आढळलेलं नाही. २०१९ च्या अभ्यासात तर तो कमीच दिसला, अर्थात त्यावरून अॅस्पिरिन हे कॅव्हर्नोमाचं औषध ठरत नाही.

सर्जननी ‘काढून टाकू’ म्हटलं, ते अगदीच चुकीचं म्हणत नाही मी. एकटा, वरच्या बाजूला असलेला, बोलणं-चालणं सांभाळणाऱ्या भागापासून दूरचा कॅव्हर्नोमा असेल, तर काही त्रास नसतानाही ऑपरेशनचा विचार करता येतो, असं त्याच २०१७ च्या सूचनांत आहे. सततच्या काळजीने जगणं अवघड होणं, हेही त्यात एक कारण म्हणून मांडलेलं आहे. पण ‘विचार करता येतो’ आणि ‘पुढच्या आठवड्यात भरती व्हा’ यांत अंतर आहे. ऑपरेशनचा धोका तुम्ही एकाच सकाळी सगळाच्या सगळा उचलता, न करण्याचा धोका पुढच्या वर्षांवर पसरलेला असतो, आणि तुमच्या गटात तो मुळात थोडा आहे. मी तुमच्या जागी असतो तर आज ऑपरेशन केलं नसतं. फिट सुरू झाली, किंवा खरा रक्तस्राव झाला, तर माझं मत बदलेल. माझ्यापुढे फक्त तुमचं पत्र आहे, चित्रं नाहीत. म्हणून सीडी घेऊन एखाद्या मेडिकल कॉलेजच्या न्यूरोसर्जरी ओपीडीत दुसरं मत घ्या. तिथे नेमकं हे विचारा : हा हातापायाच्या हालचालीच्या पट्ट्यापासून किती दूर आहे, असे किती कॅव्हर्नोमा तुम्ही स्वतः काढता, आणि तुमच्या हातून झालेल्यांत कायमचं अपंगत्व किती जणांना आलं. चांगल्या सर्जनला या प्रश्नाचा राग येत नाही. गामा नाईफ किंवा अशाच रेडिएशनचा सल्ला कुणी दिला, तर कधीच रक्तस्राव न झालेल्या कॅव्हर्नोमासाठी तो नको. कॅव्हर्नोमा विरघळवणारी सिद्ध झालेली गोळी आजपर्यंत नाही, मग ती कुठल्याही पॅथीची असो.

बादली उचला. जिने चढा, शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांबरोबर नाचा. फिट आलेली नाही तोवर स्कूटी चालवायला हरकत नाही, हेल्मेट घालून. शीर्षासन कधी केलं नसेल तर आता मुद्दाम शिकू नका, एवढंच. विमानप्रवास, नवरा-बायकोचे संबंध, यांवर काही बंधन नाही. हे दुसरं लिहिलं कारण तुम्ही विचारलेलं नाही आणि बहुतेक जण विचारत नाहीत.

अर्धशिशी आणि कॅव्हर्नोमा ही बहुधा दोन वेगळी भाडेकरू मंडळी आहेत. नेहमीसारखं, ओळखीचं दुखणं आलं तर दर वेळी एमआरआय नको. पण क्षणात कळस गाठणारी, कधीच अनुभवली नाही अशी डोकेदुखी, शरीराच्या एका बाजूचा जोर जाणं किंवा बधिरपणा, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, दोन-दोन दिसणं, उलट्यांबरोबर गुंगी, किंवा आयुष्यातली पहिली फिट, यांपैकी काही झालं तर १०८ ला फोन करून सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात तासाभरात पोचा. ताजं रक्त सीटीवर पहिले काही दिवसच नीट दिसतं. ‘सोमवारी बघू’ म्हटलं की खरंच रक्तस्राव झाला होता का, हेच पुढे कळत नाही आणि वरचे सगळे आकडे तुमच्यासाठी निरुपयोगी होतात. फिट आली तर कुशीवर वळवायचं. कांदा नाही, चप्पल नाही, दातांत चमचा नाही. हे मिस्टरांना आणि सासूबाईंना आज वाचून दाखवा.

आणि आता तुमच्या पत्रातली ती ओळ, जिच्याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढलेला नाही. डायव्हालप्रोएक्स. सगळं घर कॅव्हर्नोमाकडे बघत बसलंय, आणि होणाऱ्या बाळाला खरा धोका रात्रीच्या त्या गोळीचा आहे. हे व्हॅल्प्रोएट जातीचं औषध. गरोदरपणात ते चालू असेल तर जवळपास दहातल्या एका बाळात मोठं व्यंग असतं, पाठीच्या कण्याचं, हृदयाचं, टाळूचं. दहातल्या तीन-चार मुलांत पुढे बोलणं, शिकणं, लक्ष देणं यांत अडचणी दिसतात. पाठीच्या कण्याचं व्यंग तर गर्भ राहिल्याचं कळायच्या आधीच घडून जातं. नुसत्या अर्धशिशीसाठी, मूल हवं असणाऱ्या बाईला हे औषध द्यायलाच नको होतं. अर्धशिशीला इतर औषधं आहेत, त्यातली काही गरोदरपणातही चालतात. आपल्या मनाने गोळी बंद करू नका, पण महिनाभर थांबूही नका. याच आठवड्यात ज्यांनी ती लिहून दिली त्यांना किंवा न्यूरॉलॉजिस्टना भेटा, आम्हाला मूल हवंय हे स्पष्ट सांगा आणि औषध बदलून घ्या. बदल होऊन डॉक्टरांनी ‘आता हरकत नाही’ म्हणेपर्यंत गर्भ राहणार नाही याची काळजी घ्या. फॉलिक अॅसिड किती मात्रेत आणि कधीपासून, तेही त्याच भेटीत लिहून घ्या. पाळी चुकलेली असेल तर थांबू नका, उद्या सकाळी घरीच टेस्ट करा आणि तो निकाल घेऊनच डॉक्टरांकडे जा.